मशीनच्या जागी ठेवलेला डबा

कपाटकाकूंना कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर त्या आधी मागे वळून बघतात, की ही हाक नक्की कुणाला? इतकं ते टोपणनाव त्यांच्या अंगवळणी पडलंय. बिल्डिंगमधली पोरंटोरं, म्हातारे, पेपरवाला, सगळ्यांच्याच त्या कपाटकाकू. खरं तर आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, पण शिवणाच्या बाई ही ओळख निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या फाटकाशीच राहिली. नवी ओळख मिळाली ती जिन्याखालच्या खोलीमुळे.

ती खोली म्हणजे पूर्वीची पाण्याच्या पंपाची जागा. पंप बाहेर हलवला आणि खोलीत मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे आणि झुरळं एवढंच राहिलं. काकूंचे यजमान गेले त्या वर्षी काकूंनी ती झाडून काढली, एका रद्दीवाल्याकडून जुनं लोखंडी कपाट आणलं आणि त्यात यजमानांचं ड्रिल मशीन ठेवलं.

"हे गेले, तेव्हा वाटलं आता तो कर्कश आवाज ऐकू येणार नाही," त्या सांगायच्या. "तर कसलं काय! वरच्या मजल्यावर तोच आवाज, समोरच्या घरात तोच. भिंतीला भोक पाडायचं वर्षातून एकदा, आणि प्रत्येकाच्या माळ्यावर एकेक मशीन. अरे, भिंती जास्त की मशीनं?"

ड्रिलच्या मागोमाग शिडी आली. मग मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, कुबड्या, प्रवासाच्या बॅगा, शिवणयंत्र. एका घरातले वडील गेले, त्यांच्या मुलीने वाफ घ्यायचं मशीन आणून दिलं, ज्याला डॉक्टर नेब्युलायझर म्हणतात ते. मास्क आणि नळी ज्याची त्याने आणायची, मशीन मात्र सगळ्यांचं. धाप लागणाऱ्या माणसांच्या घरात त्या मशीनला देवाइतका मान होता.

लोक विचारायचे, "काकू, नोंद कुठे करायची? वही ठेवा की एखादी." काकूंनी वही ठेवली नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. जी वस्तू न्याल, तिच्या जागी आपल्या घरातली एक वस्तू ठेवायची. रोज हाताशी लागणारी, जिच्यावाचून अडेल अशी. त्यांचं म्हणणं, नाव लिहिलं की माणूस निश्चिंत होतो. आपली वस्तू अडकली की त्याला चैन पडत नाही. गाद्या नेल्या तर त्या जागी चहाची किटली, ड्रिल नेलं तर चष्म्याचं घर. काकूंना बघताक्षणी कळायचं कुणाकडे काय आहे. बँकवाल्या आजोबांनी एकदा शिडी नेली आणि भाबडेपणाने आपली काठीच ठेवून गेले. संध्याकाळी भिंत धरत धरत खाली आले, म्हणाले, "शिडी उद्या देतो, आधी माझी काठी दे बाई, शिडी धरून फिरायला मला जमेना." हा किस्सा अजून जिन्यात सांगितला जातो.

अशी ही खोली. आणि त्या खोलीवरच गदा आली.

घरपोच सामान देणाऱ्या एका मोठ्या कंपनीने सोसायटीला पत्र दिलं. जिन्याखालची खोली आम्हाला द्या, आम्ही तिथे पार्सलच्या पेट्या बसवतो. फोनवर आकडा येईल, तो दाबला की पेटी उघडेल. वर एक कॅमेरा, तो चेहराही ओळखेल. भाडं दरमहा. सेक्रेटरींच्या डोळ्यांपुढे लगेच नवी लिफ्ट चढू-उतरू लागली. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा ठेवली, कंपनीचा माणूसही येणार होता, आणि हात वर करून निकाल लागायचा होता.

काकूंची झोप आधीच हलकी, ती आता पार उडाली. खोली गेली तर नुसती खोली जाणार नव्हती. यजमानांच्या मागे त्यांना दिवसातून दहा वेळा कुणीतरी दार वाजवून "काकू, जरा..." म्हणत होतं, ते जाणार होतं. हे त्या कुणाला बोलून दाखवत नव्हत्या. सकाळी देवापुढे बसल्या की मात्र डोळे मिटण्याऐवजी उघडेच राहायचे.

आणि घरात वेगळंच नाटक. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच कंपनीच्या गोदामात कामाला. पार्सलं उतरवायची, फोडायची, पुन्हा बांधायची. आठवड्याच्या सुरुवातीला जेवताना तो मान खाली घालून म्हणाला,

"आई, आपली बिल्डिंग हो म्हणाली तर आमचे साहेब मला ऑफिसात घेतो म्हणालेत. टेबलावरचं काम."

काकूंचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझी खोली देऊन तुझी खुर्ची यायची?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग ना. खुर्चीचा एवढा सोस कधीपासून लागला तुला? तुझे वडील जन्मभर उभ्याने काम करत राहिले."

मुलगा पाणी प्यायला, खोकला, आणि उठला. सुनेने ताटं उचलली. तिची जीभ मात्र वळवळत होती.

"आई, एक बोलू? राग मानू नका. मी सकाळी घर सोडते ती दिवे लागल्यावर येते. दुकानं फिरायला मला वेळ कधी मिळणार? पार्सल नसतं तर या घरात साबणसुद्धा आला नसता."

"साबण येऊ दे की. पण साबणाबरोबर तो एवढा पुठ्ठा, तो फुगे फुगे असलेला कागद... आणि ती फिरती साबणदाणी कशाला आली होती गं, दिवे लागणारी?"

"ती सवलतीत होती," सून म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. काहीतरी सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. आतून मुलाने तिला हाक मारली आणि ते तसंच राहिलं.

रविवार उजाडला. काकू नुकत्या पूजा आटोपून उठल्या होत्या, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची बेकरीत काम करणारी शेजारीण धावत खाली आली. पायात चप्पल नाही, हाताला पीठ तसंच.

"काकू, मशीन! माझ्या छोटीला पहाटेपासून धाप लागलीय. छाती बघा कशी भात्यासारखी होतेय."

काकू किल्ली घेऊन धावल्या. कपाट उघडलं. मधल्या फळीवर, जिथे मशीन असायचं, तिथे नुसती फळी. मशीन नाही. आणि मशीनच्या जागी काहीच नाही. ना किटली, ना छत्री, ना चष्म्याचं घर.

असं आजवर कधी झालं नव्हतं. काकूंनी खालची फळी बघितली, वरची बघितली, गाद्यांच्या मागे हात घातला.

"कुणी नेलंय?" बेकरीवालीने विचारलं.

"बघते. थांब. बघते ना."

"पण जागेवर काहीतरी असेल ना, तुमची पद्धत आहे ना?"

बेकरीवाली एकदा त्यांच्याकडे आणि एकदा रिकाम्या फळीकडे बघत राहिली, आणि मग वळून पळाली. तिने छोटीला उचललं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. परमेश्वराची कृपा, की दवाखाना उघडा होता. तिथे वाफ दिली, पोर जरा शांत झाली. डॉक्टर म्हणाले, आज दिवसभरात घरी आणखी द्यावी लागेल. परत येताना बेकरीवालीने जिन्यातच फोन काढला आणि नवं मशीन मागवलं.

"संध्याकाळपर्यंत येतंय म्हणे," ती काकूंना म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना बरं वाटलं असतं. "मी काय करू काकू, मला थांबता येणार नाही."

"नाही गं, बरोबर केलंस," काकू म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

सभा होती त्याच दिवशी हे घडावं! काकूंनी पदर खोचला आणि दारोदार निघाल्या. आधी बँकवाले आजोबा.

"माझ्याकडे नाही बाई. माझी छाती ठणठणीत आहे, गुडघेच तेवढे संपावर गेलेत." मग आजोबांनी त्यांना बसायला सांगितलं. "हे बघ, तुला वाईट वाटेल, पण मी आज पेट्यांच्या बाजूने हात वर करणार आहे. माझ्या औषधाचं पार्सल गेटवर पडून राहतं. मागे पावसात भिजलं. मला गेटपर्यंत जाता येत नाही. तुझ्या कपाटात गाद्या आहेत, गोळ्या आहेत का?"

काकू म्हणाल्या, "मला सांगायचं की, मी आणून दिलं असतं."

"रोज रोज कुणाला सांगायचं? पेटीला सांगावं लागत नाही, उपकारही वाटत नाहीत."

दुसऱ्या मजल्यावर तरुण वकिलीण राहते. नव्या नव्या यंत्रांचे नियम आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी, असलं काम ती एका संस्थेत करते. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात दात घासायचा ब्रश होता.

"नाही काकू, मशीन माझ्याकडे नाही. पण आज सभेत मी गप्प बसणार नाही. चेहरा ओळखणारा कॅमेरा! कोण कधी आलं, कुणी काय मागवलं, ते सगळं साठवून ठेवणार. किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, याचा नियम अजून धड झालेलाच नाही. आणि पेटी बिघडली तर आपण हात लावायचा नाही, दुरुस्ती फक्त त्यांनीच करायची. काकू, तुम्ही बोलायला हवं. लोक माझं ऐकून घेत नाहीत, म्हणतात ही रोजच भांडते. तुमचं ऐकतील."

"माझं आज कोण ऐकणार?" काकू म्हणाल्या. "आज माझं कपाटच गप्प बसलंय."

सेक्रेटरींनी तर दारातच ऐकवलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "काकू, तुमच्यावर माझा राग नाही हो. पण आज तुमच्या कपाटाने चांगलेच दिवे लावले. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? तिथे बटण दाबलं की वस्तू येते. इथे कुलूप उघडलं की हवा."

काकू एकेक पायरी उतरत घरी आल्या. सून कामावर गेली होती. तिला रविवारची सुट्टी नसते. मुलगा दुपारच्या पाळीचा, म्हणून घरी होता, सकाळभर दार लोटून झोपलेला. काकू पाणी प्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांच्या कानांवर आवाज आला. घुर्रर्र. बारीक, एकसुरी. तो आवाज त्या झोपेतसुद्धा ओळखतील.

मुलाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं.

मुलगा पलंगाच्या कडेला वाकून बसला होता. तोंडावर मास्क, नळी मांडीवरून खाली गेलेली, जमिनीवर मशीन. मास्कच्या कडांमधून धूर निघावा तशी वाफ निघत होती. त्याने आईकडे बघितलं. बटण बंद केलं नाही. मशीन घुरघुरत राहिलं, आणि वाफ संपल्यावर त्याने ते बंद केलं.

"हे कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"झाले काही दिवस. तू घराबाहेर गेलीस की घेतो." त्याने मास्क काढला. नाकावर लाल वळ उमटला होता. "गोदामात पुठ्ठ्याची धूळ असते आई. दिवसभर पेट्या फोडायच्या. पंखे आहेत, पण ते धूळ इकडची तिकडे करतात. माझ्या जोडीचे दोघं सोडून गेले. डॉक्टर म्हणाले, धुळीतून बाहेर पड, नाहीतर छाती कायमची धरेल. म्हणून ते टेबलाचं बोललो."

खुर्चीचा सोस. काकूंना स्वतःचेच शब्द कानशिलात बसल्यासारखे झाले.

"आणि मला सांगितलं नाहीस? माझ्या कपाटातलं मशीन नेलंस, जागेवर काही ठेवलं नाहीस, वरती ती पोर तडफडत होती..."

"ठेवलं होतं!" मुलगा दचकून म्हणाला. "माझा डबा ठेवला होता. निळा, कामावर न्यायचा. तूच तर काढून आणलास."

काकूंना मग आठवलं. त्या परवा खोली झाडायला गेल्या होत्या. मधल्या फळीवर, कपड्याच्या पुरचुंडीमागे, निळा डबा दिसला. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, काय हा विसरभोळेपणा, घरातला डबा इथे कशाला आणून ठेवला मी? त्या नादात मशीन जागेवर नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. डबा घरी आणला, घासला, पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात जेवण भरून मुलाच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाच्याही घरची वस्तू असती, तर त्यांनी तिला बोटही लावलं नसतं. आपल्या घरची होती, म्हणूनच उचलली.

"तू डबा भरून हातात दिलास," मुलगा हळूच म्हणाला, "एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं तुला सगळं कळलंय. मला लाज वाटू नये म्हणून गप्प बसलीस. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं, आई."

काकू त्याच्याशेजारी पलंगावर बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर आतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. लहानपणी तो झोपला की त्या असाच पाठीवर हात ठेवायच्या.

मशीन त्यांनी लगेच वर नेऊन दिलं. बेकरीवालीने विचारलं, "कुठे होतं?" काकू म्हणाल्या, "सापडलं." छोटीने मास्क लावून घेतला आणि त्यातूनच हात हलवून टाटा केला. नवं मशीन यायचंच होतं.

संध्याकाळपर्यंत काकूंच्या मनाने इतक्या फेऱ्या मारल्या की विचारू नका. खोली राखायची तर मुलगा धुळीत. मुलगा बाहेर काढायचा तर खोली जाणार. आणि सकाळचा प्रकार खरा खरा सांगायचा, तर मुलाचा आजार कंपनीच्या माणसासमोर उघडा पडणार. आजारी माणसाला कोण ठेवून घेतं? देवापुढे दिवा लावताना काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा त्यांचं ठरलं होतं. खोल्या काय, दुसऱ्या मिळतील.

गच्चीवर सगळे जमले. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात होता, फोनवर चित्रं दाखवत होता. चित्रातल्या पेट्या चकचकीत, चित्रातली माणसं हसरी. मुलगाही आला होता. आज पाळीवर येऊ नको, बिल्डिंगला समजावून सांग, असं त्याच्या साहेबांनीच त्याला सांगितलं होतं. तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता.

सेक्रेटरी लिफ्टबद्दल बोलले. आजोबा औषधांबद्दल बोलले. वकिलीण उठली. "पेट्या आल्या की मागवणं आणखी सोपं होणार. आत्ताच कचऱ्याच्या डब्याबाहेर पुठ्ठ्याचा डोंगर असतो. आणि तुमच्या घरातले खण उघडून बघा, जुने फोन, जुने चार्जर. फोन बदलला की चार्जर बदला, असं करून ठेवलंय या लोकांनी. याला काही नियम हवा की नको?"

"नियम वर बसलेल्यांनी करावेत, गच्चीवर बसून नाही," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"तुझ्या दारात सगळ्यात जास्त पार्सलं असतात," दुसऱ्याने तिला टोमणा मारला.

वकिलीण लाल झाली. "असतात. म्हणूनच सांगतेय. सोपं असलं की मीसुद्धा मागवते."

कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "आम्ही पुठ्ठा परत गोळा करतो. झाडंही लावतो."

"कुठे लावता?" बेकरीवालीने विचारलं. "आम्हाला दिसली नाहीत म्हणून विचारते."

मग सेक्रेटरी काकूंकडे वळले. "काकू, तुम्ही काही बोलणार? सकाळच्या प्रकारानंतर..."

काकू उठल्या. शाळेत इतकी वर्षं मुलींसमोर उभ्या राहिलेल्या, पण आज त्यांनी कठड्याचा आधार घेतला.

"मशीन माझ्याच घरात होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी ठेवलेली वस्तूही माझ्याच घरची होती. मला वाटलं मीच विसरले, म्हणून मी ती उचलली. चूक माझी. म्हणून माझं म्हणणं असं, की... खोली देऊन टाका."

"काकू!" वकिलीण ओरडलीच.

"द्या म्हणते ना. माझंही वय झालं."

सेक्रेटरींना ही अपेक्षाच नव्हती. ते वाद घालायच्या तयारीने आले होते आणि आता कुणाशी घालावा ते त्यांना कळेना. कंपनीच्या माणसाने पेन काढलं.

"थांबा," टाकीजवळून मुलगा म्हणाला. तो पुढे आला. "साहेब, एक विचारू? बिल्डिंग हो म्हणाली तर मला ऑफिसात घेणार, असं आमच्या साहेबांनी सांगितलंय. ते नक्की आहे ना? इथे सगळ्यांसमोर सांगा."

कंपनीचा माणूस अवघडला. "ते माझ्या खात्यात येत नाही हो. तुमचे साहेब म्हणाले असतील. पण ऑफिसातली बरीचशी कामं आता संगणकच करतो. खुर्च्या वाढवायचं धोरण नाही सध्या. उलट..."

मुलाने मान हलवली. जणू हे त्याला माहीतच होतं, फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मग तो शेजाऱ्यांकडे वळला.

"मशीन मी नेलं होतं. गोदामातल्या धुळीने माझी छाती धरलीय. मी डबा ठेवला, आईने तो घरचा म्हणून उचलला, एवढीच गोष्ट. आईला खोली द्यायची नाहीये. ती माझ्यासाठी देतेय." त्याला खोकला आला. तो थांबला, पुन्हा बोलायला गेला, पुन्हा खोकला. बेकरीवालीने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

काकूंना वाटलं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा. अरे गप्प बस, हा माणूस ऐकतोय. पण झाकायला आता उरलंच काय होतं?

हात वर करायची वेळ आली. आजोबांनी हात अर्धा वर नेला आणि तसाच धरून ठेवला. "माझ्या औषधांचं काय?" ते म्हणाले. खरंच, ते कुणी सोडवलं नव्हतं. वकिलीण म्हणाली, खालची एक फळी पार्सलांना ठेवू, किल्ली काकूंकडे, कॅमेरा नको. ज्याचं पार्सल त्याच्या दारी पोचवायला आपण पाळ्या लावू. "तुझी पाळी पहिली," आजोबा म्हणाले आणि हात खाली घेतला. पेट्यांच्या बाजूने बरेच हात वर झाले. विरुद्ध बाजूने त्यांच्यापेक्षा थोडेच जास्त. लिफ्ट गेली म्हणून सेक्रेटरी नाराज झाले, आणि त्यांची नाराजी काही खोटी नव्हती. जिने सगळ्यांनाच चढायचे होते.

कंपनीचा माणूस निघताना मुलाजवळ थांबला. "तुमचं नाव काय म्हणालात?" त्याने विचारलं. मुलाने सांगितलं. तो ते फोनमध्ये टिपून घेत गेला. काकूंनी ते बघितलं.

त्यानंतर बेकरीवालीचं नवं मशीन आलं. तिने ते घरात ठेवलं नाही, खाली आणून जुन्या मशीनशेजारी ठेवलं. "दोन असू देत," म्हणाली. "एक तुमच्या मुलाला रोज लागणारच आता."

मुलगा अजून त्याच गोदामात जातो. नाव टिपून घेण्याचं पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही. दार वाजलं की काकूंना वाटतं, आला त्याला काढल्याचा कागद. सून रोज दुसरीकडे काम बघते, वकिलिणीने धुळीबद्दल तक्रार लिहून दिलीय, तिचं उत्तर यायचंय. काकू रोज सकाळी त्याच्यासाठी थोडा जास्त वेळ देवापुढे बसतात.

खोली झाडायला जातात तेव्हा मधल्या फळीवर, एका मशीनच्या रिकाम्या जागी निळा डबा असतो. आता पुरचुंडीमागे नाही, अगदी पुढे. येणारे-जाणारे तो बघतात, आणि जिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, कसं आहे हो आज त्याचं?"

काकू डब्यावरची धूळ पदराने पुसतात. त्याला जागेवरून हलवत नाहीत. मुलगा तेवढ्यापुरता दुसऱ्या डब्यात जेवण नेतो, आणि तो डबा जरा गळका आहे, म्हणून रोज आईच्या नावाने कुरकुरतो.